चारपैकी कोणतेही दोन

पैज लागली ती लिफ्ट बंद होती म्हणून. म्हणजे लिफ्ट बंद नव्हतीच. सकाळी ऑफिसला जाताना मी तिच्या दारावर 'लिफ्ट विश्रांती घेत आहे, कृपया उठवू नये' एवढा कागद चिकटवला होता. दिवसभर अख्खी बिल्डिंग जिन्याने वरखाली करत होती आणि एकाही शहाण्याने बटण दाबून पाहिलं नव्हतं. संध्याकाळी परत आलो तर कागदासमोर तिघे उभे. पाचव्या मजल्यावरचे आमचे चेअरमन, दुसऱ्यावरचे टेलरकाका, आणि चौथ्यावरचा चष्मेवाला. त्याचं नाक्यावर चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून चष्मेवाला. स्वतः चष्मा लावत नाही, हा त्याचा माज.

त्याने कागद सोलून काढला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि म्हणाला, "हे अक्षर मी ओळखतो."

"छापील आहे ते," मी म्हटलं.

"छापील आहे हे तुला इतक्या लांबून कसं दिसलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. चेअरमन कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. सकाळपासून ते तीनदा पाच मजले चढले होते.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "शनिवारी दुपारी हॉलमध्ये तुमचं काय चालतं रे? बटणांचा आवाज येतो."

"ओमाहा," चष्मेवाला म्हणाला.

"महाग?" टेलरकाकांना जरा कमी ऐकू येतं.

"ओमाहा, काका. तुम्हीच नाही का बटणं देत? पोकरचा प्रकार आहे. ताईकडे गेलो होतो, तिथे शिकलो." मग माझ्याकडे वळून, "प्रत्येकाला चार पानं, लपवून. मधे टेबलावर पाच पानं, उघडी, सगळ्यांची मिळून. त्यातून पाच पानांचा भारीत भारी हात करायचा. एक मेख आहे, पण ती तुला सांगून उपयोग नाही. याला डोकं लागतं. कागद चिकटवण्यातलं काम नव्हे."

आता माणसाला चोर म्हणा, लबाड म्हणा, ऐकून घेईल. डोकं नाही म्हटलं की मग संपलं. "महिन्याभरात तुला हरवतो," मी म्हणालो.

"शिकणार कुठून? आधी नवशिक्याला धड शिकवेल असं एक पुस्तक तरी शोधून दाखव."

झालं. वार्षिक सभेला बरोबर तीस दिवस होते. सभेच्या आधी तासभर हॉलमध्ये सामना, आणि जो हरेल त्याने लगेच सभेत, माइकवर, देणं चुकवायचं. तो हरला तर माइकवर जाहीर करून दुकानाच्या काचेवर 'मला स्वतःला नीट दिसत नाही' अशी पाटी महिनाभर लावणार. आणि मी हरलो तर?

"तर तू तुझी हिरवी वही वाचून दाखवायची," चष्मेवाला म्हणाला. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एकही न गाळता."

चेअरमननी लगेच हात पुढे करून साक्षीदार म्हणून टाळी दिली. इतक्या उत्साहाने त्यांनी कधी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरही सही केली नव्हती.

हिरव्या वहीत माझ्या आजवरच्या सगळ्या खोड्या आहेत. तारीख, वार, साहित्य, परिणाम. मी मीटर ऑफिसात आहे, पाण्याच्या मीटरच्या, त्यामुळे नोंद ठेवल्याशिवाय मला झालेलं काम झाल्यासारखं वाटत नाही. या वहीबद्दल मी एकदा बढाई मारली होती, तो पायावरचा धोंडा आता खाली आला. तरी बहुतेक खोड्यांचं मला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती क्रमांक चौदाची.

क्रमांक चौदा आमच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये लावलेला आहे.

माझी बायको शाळेत शिकवते. अकरा वर्षांपूर्वी तिला मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, तुमचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी वाळायला निघालीय. ती दोन दिवस जेवली नाही धड. मी काय केलं, शिक्षण मंडळाच्या नावाने एक पत्र टाइप करून पोस्टात टाकलं. 'आपल्या हस्ताक्षराची आदर्श हस्ताक्षर म्हणून निवड करण्यात येत आहे.' संध्याकाळी सांगणार होतो, हसणार होतो. पण पत्र वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या मी ऑफिसातून येईपर्यंत पत्राला फ्रेम झाली होती. फ्रेम केलेल्या माणसाला काय सांगणार?

खरी कमाल पुढेच झाली. महिन्याभराने मंडळाचं दुसरं पत्र आलं. हे मी पाठवलेलं नव्हतं. जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळं व्यवस्थित. 'आदर्श हस्ताक्षर योजनेत निवड झालेल्या शिक्षकांनी लिहिण्याची बोटं जपावीत, भांडी व धुणं यांपासून दूर ठेवावीत. सदर जबाबदारी पतीची राहील. अनुपालन अहवाल दर सहा महिन्यांनी सादर करावा.'

पत्र वाचून मी गार पडलो. नसलेल्या योजनेला नियम फुटले होते. पण मी स्वतः सरकारी टेबलावर बसतो, मला ठाऊक आहे: खोटा कागद एकदा का खात्यात शिरला, की तो खरा होऊनच बाहेर पडतो. कोणीतरी त्याला फाईल लावली असणार, कोणीतरी वर पाठवली असणार. आता ही योजना खोटी आहे असं सांगायचं, तर पहिलं पत्र कोणाचं ते सांगावं लागणार. तेव्हापासून घरातली भांडी मी घासतो. अहवाल लिहितो. बायको तो शाळेतून पोस्टात टाकते.

तर हे सगळं पणाला लागलं होतं. बायकोला पैजेचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वहीत माझं काही नाही ना?"

"तुझं काय असणार," मी म्हणालो आणि कढई घासायला गेलो.

शिकायला बसलो. आधी फोनवर व्हिडिओ. एक गडी भेटला, टोपी उलटी घातलेला, पहिली दहा मिनिटं आपल्याच व्हिडिओची स्तुती करायचा आणि मग ओरडायचा. पण ओरडून का होईना, शिकवायचा. मी इमानेइतबारे आठ दिवस शिकलो. जोडी, तिकडी, ओळीने पाच, एकाच प्रकारची पाच म्हणजे फ्लश, सगळं पाठ. नवव्या दिवशी जिन्यात चष्मेवाला भेटला. मी ऐटीत म्हणालो, "हातात दोन पानं आली की आधी जोडी आहे का पाहावं."

"दोन पानं?"

"मग किती?"

"ओमाहात चार असतात. तू दुसराच खेळ शिकलास." आणि शीळ वाजवत गेला.

मी जिन्यातच मटकन बसलो. आठ दिवस. परीक्षा भूगोलाची आणि मी पाठ केला इतिहास. नीट पाहिलं तर त्या उलट्या टोपीने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं की हा दोन पानांवाला प्रकार आहे. पण ते वाक्य तो ओरडायला लागायच्या आधीचं, त्यामुळे मला ऐकू आलं नव्हतं.

मग बिल्डिंग मदतीला धावली. पैजेची बातमी फुटली होती. चेअरमन म्हणाले, तुम्ही कशाला शिकताय, हरा सरळ, तब्येत सांभाळा. टेलरकाका म्हणाले, "पत्ते हे कापडासारखे. आधी माप घ्यावं, मग कात्री." मी विचारलं, माप कशाचं? ते म्हणाले, "ते समोर आल्यावर कळतं." जाताना सरावाला म्हणून एक पिशवी भरून बटणं दिली, सगळी दोन भोकांची. चार भोकांची चष्मेवाल्याने आधीच नेली होती. इथेही तो पुढेच.

मग गेलो वाचनालयात. ग्रंथपाल बाई काचेआड विणकाम करत होत्या. मी म्हटलं, "ओमाहावर काही आहे?"

त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला, खण उघडला, कार्ड काढलं आणि एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. मी घरी जाऊन उघडलं. त्यात रेल्वेचे फोटो, धान्याची कोठारं आणि एका नदीची लांबी. ओमाहा नावाचं गाव आहे म्हणे कुठेतरी. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

"बाई, गाव नको. पत्त्यांचा खेळ पाहिजे."

बाईंची सुई थांबली. त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पत्त्यांचं एक आहे. पण ते या कपाटात नाही. ते व्यसनमुक्तीच्या कपाटात आहे."

"मग द्या ना तिथून."

"त्या कपाटातली पुस्तकं फक्त नोंदणीकृत रुग्णांना. केंद्राची चिठ्ठी लागते."

"पण मला व्यसन नाही."

"सगळे असंच म्हणतात," बाई फार मायेने म्हणाल्या, आणि केंद्राचा पत्ता लिहून दिला.

आता कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण क्रमांक चौदा रोज भिंतीवरून माझ्याकडे बघत होता. मी केंद्रात गेलो.

तिथे फॉर्म. 'आपण किती वेळा खेळता?' पुढे तीन चौकोन: रोज, आठवड्यातून, महिन्यातून. 'कधीच नाही' हा चौकोन नव्हता. खिडकीतल्या कारकुनाला मी अडचण सांगितली. तो म्हणाला, "कधीच नाही म्हणणारे आम्ही 'रोज'मध्ये धरतो," आणि स्वतःच खूण केली. मग समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई तरुण होत्या आणि आवाज असा मऊ की आपल्याला काहीतरी झालंय असं ऐकतानाच वाटावं.

"कधीपासून खेळता, काका?"

"अजून सुरुवात नाही केली. शिकायचंय."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी उलटं वाचलं. 'पूर्ण नकार.'

"घरी माहीत आहे?"

"हो. घरच्यांनीच सांगितलं हरू नका म्हणून."

त्यांनी पुन्हा लिहिलं. 'कुटुंबाचा दबाव.' मग त्यांनी माझ्यासमोरच आमच्या घरी फोन लावला. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "तुमच्या पत्नी म्हणतात की तुम्हाला व्यसन आहे, पण ते पत्त्यांचं नाही. त्या कौटुंबिक पाठिंब्याच्या फॉर्मवर आनंदाने सही करतील."

आनंदाने हा शब्द मला खटकला होता. तेव्हाच जागं व्हायला हवं होतं.

कौटुंबिक पाठिंब्याच्या मागोमाग आला कार्यालयीन पाठिंबा. त्याचं पत्र थेट माझ्या साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, स्वतः उठून मला पाणी दिलं. वीस वर्षांत त्यांनी मला पाणी दिलं नव्हतं, आणि आमचं खातं पाण्याचंच आहे. "होतं असं," ते म्हणाले. "माझा मेहुणाही..." आणि माझा ग्लास पुन्हा भरला. दुसऱ्या दिवसापासून मला बिलांच्या खिडकीवरून काढून मागच्या खोलीत, नादुरुस्त मीटरांच्या राखणीला बसवलं. सहकारी समोरून जाताना आवाज खाली घ्यायचे. एकाने तर टेबलावरचं कॅलेंडर उलटं ठेवलं, त्यावर आकडे असतात म्हणून. वीस वर्षांत ज्या माणसाने या ऑफिसला हसवलं, त्याच्याकडे सगळे दवाखान्यात भेटायला आल्यासारखे बघायला लागले. मी मनातल्या मनात चष्मेवाल्याचे सात पिढ्यांचे चष्मे फोडले.

आणि एवढं करून पुस्तक मिळालं का? नाही. चिठ्ठी घेऊन गेलो तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ते पुस्तक गेल्या वर्षी एका रुग्णाने नेलं, तो बरा होऊन गावी गेला, पुस्तकासकट.

पण देव म्हणा, योगायोग म्हणा, केंद्रातल्या पहिल्याच बैठकीत बाईंनी एक पत्रक वाटलं. शीर्षक: 'टाळावयाची साधने.' मी घडी उघडली आणि माझ्या तोंडाचा आ झाला तो मिटेना.

त्यात सगळं होतं. कुठल्या खेळासाठी कुठलं पुस्तक, कुठला व्हिडिओ, कुठली साइट, आणि प्रत्येकापुढे धोक्याची पातळी. ओमाहाचा वेगळा रकाना. 'प्राध्यापकांनी लिहिलेला जाड ग्रंथ: कमी धोकादायक, रुग्ण पाचव्या पानावर झोपतो.' 'दोन पानांच्या खेळावरची पुस्तकं: निर्धोक, ओमाहाला उपयोग होत नाही.' आणि खाली लाल अक्षरांत: 'एका शिक्षिकेची बारा छोट्या व्हिडिओंची मालिका: अतिधोकादायक, नवशिक्याला तासाभरात गोडी लागते.' 'बिनपैशांच्या सरावाची साइट: अतिधोकादायक, चूक झाल्यास कारण समजावून सांगते.' शेवटी तळटीप: 'पहिले चार व्हिडिओ पाहून लगेच सराव केल्यास सुटका अवघड.'

इतके दिवस जे जगात कुठे सापडलं नाही, ते इथे धोक्याच्या चढत्या क्रमाने छापून ठेवलं होतं. मी बाईंना म्हटलं, "आणखी एक प्रत मिळेल?" बाईंचे डोळे भरून आले. त्या इतरांना म्हणाल्या, "बघा, यांची किती इच्छा आहे."

मला क्षणभर लाज वाटली. खोटं कशाला बोलू, क्षणभरच.

नादुरुस्त मीटरांच्या खोलीत कोणी येत नाही. मी अतिधोकादायक रकान्यापासून सुरुवात केली. व्हिडिओतल्या बाई खरंच छान शिकवत होत्या. त्यांच्याकडून कळलं की त्या घडीला शक्य असलेल्या सगळ्यांत भारी हाताला 'नट' म्हणतात. माझ्या खोलीत नटांचे चार डबे होते, पण ते मीटरचे. सराव साइटवर मात्र मी हरायचो. सारखा. चार पानं हातात, पाच समोर, नऊ पानांत कुठेतरी भारी हात दिसायचा, मी आनंदाने दाखवायचो, आणि लाल अक्षरं यायची: 'हा हात नियमात बसत नाही.' हीच ती मेख. व्हिडिओतल्या बाई दोन-तीन वेळा सांगायच्या, पण डोक्यात शिरायचं नाही.

सामन्याला चार दिवस राहिले. बायको जेवणाच्या टेबलावर सहामाहीची प्रश्नपत्रिका काढत होती. मी समोर पत्ते मांडून कपाळ धरून बसलो होतो. तिने विचारलं, "अडलंय कुठे?"

मी सांगितलं. हातातल्या चारातली दोनच घ्यायची, कमी नाही, जास्त नाही. आणि समोरच्या पाचातली तीनच. "एवढं कशाला? नऊ पानं दिसतायत तर कुठलीही पाच घेऊ द्यायची ना."

तिने समोरची प्रश्नपत्रिका माझ्याकडे फिरवली. "वाचा."

मी वाचलं. 'विभाग अ: खालील चारपैकी कोणतेही दोन प्रश्न सोडवा. विभाग ब: खालील पाचपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा.'

मी पत्त्यांकडे बघितलं. प्रश्नपत्रिकेकडे बघितलं. परत पत्त्यांकडे. गेली वीस वर्षं ओमाहा माझ्या जेवणाच्या टेबलावर काढला जात होता आणि मी त्याच्याशेजारी बसून भात कालवत होतो.

"अ मधला एक आणि ब मधले चार सोडवले तर?" मी विचारलं.

"तर ब मधल्या चौथ्याला शून्य. आणि अ मधला दुसरा सोडवलाच नाही म्हणून त्यालाही शून्य. दरवर्षी दहा पोरं करतात हे." मग माझ्याकडे निरखून बघत, "तुम्हीही करत असाल."

करत होतो. चारही सोडवायचो, भीतीपोटी. पण ते तिला सांगितलं नाही.

त्या चार दिवसांत मी साइटवर जिंकायला लागलो.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. एरवी कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागतं. त्या दिवशी लोक खुर्च्या घरून घेऊन आले. माझी बायको पहिल्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी. चेअरमन पंच. टेलरकाकांनी दोघांना शंभर शंभर बटणं मोजून दिली.

सुरुवातीला मी चांगला खेळलो. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. प्रत्येक हाताला मनात म्हणायचो, अ मधले दोन, ब मधले तीन. चष्मेवाल्याची बटणं चाळीसवर आली. त्याच्या कपाळावर घाम. त्याने दोनदा खिशातून चष्मा काढून लावला, तेव्हा हॉल हसला. आणि मी त्या हसण्यावर चढलो. माझं तिथेच चुकतं. लोक हसले की मला वाटतं परीक्षा संपली.

मग दोन-तीन हात त्याने घेतले. बटणं बरोबरीला आली, मग तो पुढे गेला. आणि मग तो हात आला.

माझ्याकडे इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का, चौकटची राणी आणि किलवरची नव्वी. टेबलावर एकेक पान उघडत गेलं: इस्पिकचा बादशहा, इस्पिकची दश्शी, बदामची अठ्ठी, इस्पिकची सत्ती, इस्पिकची दुर्री. चार इस्पिक समोर, आणि एक्का माझ्या हातात. एक्क्याचा फ्लश, त्याच्या वर काही नाही. माझ्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. मी सगळी बटणं पुढे लोटली. चष्मेवाला म्हणाला, "माझी तुझ्यापेक्षा सहा जास्त आहेत. तेवढी तूही लाव, म्हणजे एकदाच काय तो निकाल."

बटणं संपली होती. पण माघार कसली? मी टेलरकाकांची कात्री उचलली आणि अंगातल्या शर्टाची सहा बटणं कापून टेबलावर टाकली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बायकोने डोळ्यांवर हात घेतला. मला वाटलं कौतुकाने.

मी एक्का आपटला. "फ्लश. एक्क्याचा."

चष्मेवाल्याने शांतपणे दोन पानं दाखवली. इस्पिकची चौकी, इस्पिकची पंजी. अगदी फुटकळ. मी हसायला लागलो. हसताना मला जाणवलं की दुसरं कोणीच हसत नाही.

पहिल्या रांगेतून बायकोचा आवाज आला. वर्गात येतो तसा. "अहो, विभाग अ मधला एकच सोडवलात."

मी पानांकडे बघितलं. इस्पिकचं माझ्याकडे एकच होतं. दोन लागत होती. त्याच्याकडे दोन होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते कोणीतरी ओमाहा खेळणाऱ्यानेच पहिल्यांदा म्हटलं असणार.

चेअरमननी माइक चालू केला. "विषय क्रमांक एक," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे तो धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जिने चढल्याचं समाधान होतं.

एका हाताने शर्ट आवळून धरला, दुसऱ्याने हिरवी वही. वाचायला लागलो. क्रमांक एक, जिन्याच्या पायऱ्यांना उलटे आकडे. क्रमांक चार, सगळ्यांच्या दारावरच्या पाट्यांची अदलाबदल. लोक हसत होते, एकमेकांना कोपर मारत होते. क्रमांक अकराला गोष्ट जरा बिघडली. बारा वर्षांपूर्वी मी चेअरमनना ध्वनी विभागाच्या नावाने घोरण्याच्या नोंदणीचा फॉर्म पाठवला होता. त्यांनी तो तीन प्रतींत भरला होता.

चेअरमन पांढरे पडले. "म्हणजे तो विभाग नाही? मी बारा वर्षं बाहेर सोफ्यावर झोपतोय."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "असू दे आता. सवय झालीय. मला."

बारा. तेरा. मी पान उलटलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "पंधरा."

"चौदा राहिला," चष्मेवाला म्हणाला. त्याची नजर चांगली आहे, हे मी मान्य करतो.

मी बायकोकडे बघितलं. अकरा वर्षं ती फ्रेम ती दर रविवारी पुसते. पाहुणे आले की चहा नंतर, आधी पत्र. मी वहीत तोंड घातलं आणि एका दमात वाचून टाकलं. शिक्षण मंडळाच्या नावाने पत्र. आदर्श हस्ताक्षर. हेतू: बायकोने जेवावं. परिणाम: फ्रेम.

मान वर करायचा धीर होईना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठली, पुढे आली, माइक माझ्या हातातून घेतला.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," ती म्हणाली. "अर्ध्या पानाच्या पत्रात शुद्धलेखनाच्या पाच चुका. आमचं मंडळ फार तर तीन करतं."

मला वाटलं माझ्या कानातल्या शिट्ट्या परत सुरू झाल्या. "मग रडलीस का?"

"अहो, माझ्यासाठी कोणी एवढा खोटेपणा केला नव्हता कधी." मग तिने हॉलकडे तोंड केलं. "पण वाटलं, एकट्याने खोडी करावी हे बरं नाही. म्हणून महिन्याभराने मी दुसरं पत्र लिहिलं. शाळेतल्या टाइपरायटरवर."

"शिक्का होता त्याच्यावर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"बटाट्याचा. दुसरीच्या मुलांना शिकवतेच की मी."

तिने कापडी पिशवी उघडली. आतून फाईल काढली. त्यात माझे अहवाल, अकरा वर्षांचे, दर सहा महिन्यांनी एक, एकूण बावीस. नीट भोकं पाडून, क्रमाने लावलेले. माझ्या सह्यांचे. तिने वरचाच वाचायला घेतला: "'या सहामाहीत पत्नीच्या बोटांस पाण्याचा स्पर्श झालेला नाही. एक कढई करपली, ती करपण्यास व घासण्यास मीच जबाबदार. आपला आज्ञाधारक.'"

हॉल कोसळला. टेलरकाका शेजाऱ्याला विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली?" आणि ऐकून पुन्हा पहिल्यापासून हसत होते. चष्मेवाला चष्मा काढून डोळे पुसत होता. "पैज मी जिंकलो," तो म्हणाला, "पण तुला हरवलं वहिनींनी. तेही अकरा वर्षांपूर्वी."

मी उभा होतो तसाच. आयुष्यात मी इतक्यांना चकित केलंय, पण चकित झाल्यावर माणसाने हात कुठे ठेवायचे असतात हे मला माहीत नव्हतं. फसवणारा मी, वही माझी, आणि अकरा वर्षं अर्जदार म्हणून सही करत होतो.

"पत्र खरं नव्हतं, म्हणजे योजनाही नाही," मी शेवटी म्हणालो. "म्हणजे आजपासून भांडी..."

बायकोने फाईल मिटली. "योजना रद्द झाल्याचं पत्र आलंय का?"

"कोणाकडून येणार?"

"तेच म्हणते मी. तोवर चालू."

सभेचा चहा झाला होता. हॉलच्या कोपऱ्यात, नळापाशी, सत्तर कप आणि सत्तर बशा पडल्या होत्या. चेअरमन, सोफ्यावर झोपणारे चेअरमन, माइकवर म्हणाले, "विषय क्रमांक दोन." आणि त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ठराव एकमताने संमत झाला. माझं मत कोणी विचारलं नाही.

मी नळाकडे गेलो. आणि तिथे गेल्यावर लक्षात आलं की कप घासायला दोन्ही हात लागतात. एक नाही, दोनच. मी शर्ट सोडला.